गावभागातली गाडी आणि उतरणारी बॅटरी : मे ते जुलैच्या नोंदी

१२ मे

सकाळी साडेआठला अप्पांचा फोन. “सेल्फ घेत नाही. नुसता किट्-किट् आवाज येतोय.” गेल्या वर्षभरातली ही तिसरी वेळ.

गाडी २०११ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक. अप्पा-आई सांगलीत कृष्णेकाठच्या गावभागात राहतात, मी उंचावरच्या विश्रामबागला. अप्पांनी गाडी चालवणं जवळजवळ सोडलंय. डॉक्टरकडे जायचं असेल किंवा पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला, तेवढीच बाहेर निघते आणि तीही मीच चालवते. एरवी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते.

कुणी म्हणेल, विकून टाका. नाही विकायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा हीच गाडी ऐनवेळी चालू झाली नाही. शेजाऱ्यांनी आपापल्या गाड्या आदल्या रात्री वर नेल्या होत्या. अप्पा तासभर सेल्फ मारत बसले, शेवटी गाडी तिथेच सोडून दोघं माझ्याकडे आले. पाणी सीटच्या वर चढलं. दुरुस्तीला साठ हजारांच्या वर गेले. पैशापेक्षा अप्पांच्या मनाला ते फार लागलं. आजही पावसाळा जवळ आला की ते रोज शेडमध्ये जाऊन गाडीभोवती एक चक्कर मारतात. म्हणून हे काम पावसाच्या आत संपवायचं ठरवलं आहे. अशीच गाडी उभी असलेल्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहून ठेवते.

शेजारच्या गाडीवरून जम्पर केबल लावून गाडी चालू केली. बॅटरीच्या दुकानात नेली. तिथे यंत्र न लावताच सांगितलं, “ताई, बॅटरी मेलीया. नवीन टाका, चार हजार.” पुरानंतर या गाडीला दोन बॅटऱ्या झाल्यात. दोन्ही वेळा हेच ऐकलं आणि दोन्ही वेळा पैसे दिले. या वेळी दिले नाहीत.

१४ मे

अप्पा निवृत्त शिक्षक, सगळं वहीत लिहितात. गाडीचीही वही आहे. दर रविवारी: “सकाळी ८.०५ चालू, ८.१५ बंद. एसी लावला. आवाज ठीक.” पानंच्या पानं. कुणीतरी सांगितलं होतं, आठवड्यातून दहा मिनिटं चालू ठेवली की बॅटरी चार्ज राहते.

वहीत एक गोष्ट ठळक दिसली. दुकानातून पूर्ण चार्ज करून आणल्यावर पहिला रविवार बरा जातो, दुसऱ्या रविवारी “जड चालू झाली” असं लिहिलेलं असतं आणि तिसऱ्या रविवारी बंद. दर वेळी असंच. बॅटरी मेली असती तर इतकी शिस्तीत दोन आठवडे टिकली नसती. काहीतरी ती रोज पीत होतं.

आज खरेदी: डिजिटल मल्टिमीटर ४५० रुपये, हायड्रोमीटर (बॅटरीतल्या अॅसिडची घनता मोजायला) १८० रुपये, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन ९० रुपये.

१५ मे

बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे एक अँपिअर पस्तीस तास देईल एवढी), वर सहा सेलची सहा झाकणं असलेली, म्हणजे पाणी घालता येणारी. मीटर लावल्यावर ११.६ व्होल्ट. बॅटरी भरलेली आणि काही तास शांत असेल तर १२.६ ते १२.७ दिसायला हवं. १२.२ म्हणजे अर्धी, ११.९ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. हे तीन आकडे मी शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर होता. खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासला, पुसून कोरडं केलं, वर व्हॅसलीन लावलं. काढताना आधी काळी म्हणजे मायनस, लावताना मायनस शेवटी. उलट केलं आणि प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. हे मला माहीत होतं, तरी घाईत उलट करायला निघाले होते. अप्पांनीच हात धरला.

दोन सेलमध्ये पाणी आतल्या शिशाच्या पट्ट्यांच्या खाली गेलेलं. पट्ट्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं, उरलेलं चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत. आधीच गळ्यापर्यंत भरलं तर चार्जिंगमध्ये अॅसिड वर येऊन सांडतं.

१६ ते १८ मे

आपोआप थांबणारा २ अँपिअरचा छोटा चार्जर मागवला, २,४०० रुपये. रात्री आठला लावला. हिरवा दिवा लागायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे सहा वाजले, म्हणजे बावीस तास. दुकानवाले तीन तासांत परत देतात ती बॅटरी किती भरलेली असते हे आता कळलं. झाकणं सैल ठेवली होती आणि शेडचं दार उघडं, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. शेजारचा मुलगा विडी ओढत बघायला आला, त्याला आईने लांब बसवलं.

रात्रभर बॅटरी सुटी ठेवली. चार्जर काढल्या काढल्या १३.१ दिसत होते, तो वरवरचा फुगवटा. सकाळी १२.६२. हायड्रोमीटरने पाच सेल १.२५५ ते १.२६५ च्या दरम्यान, एक सेल १.२३०. तो एक थोडा मागे आहे, पण सेलसेलमध्ये पन्नास पॉइंटच्या (०.०५०) वर फरक असता तर मी आशा सोडली असती. गाडीला जोडून सेल्फ मारताना मीटर बघितला, १०.१ च्या खाली गेला नाही. म्हणजे बॅटरी जिवंत आहे.

१९ मे

आता चोर शोधायचा.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून बॅटरीचा मायनस आणि सुटी केलेली काळी केबल यांच्या मध्ये मीटर जोडला. पहिला आकडा १.३ अँपिअर! घाबरले. मग लक्षात आलं, दार उघडं आहे आणि आतला दिवा चालू. दाराच्या खांबावरचं बटण चिकटपट्टीने दाबून टाकलं, दहा मिनिटं थांबले.

एवढ्यात अप्पा आत जाऊन बसले. टेप बंद आहे का बघायला चावी फिरवली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने हात सेल्फपर्यंत गेला. सेल्फ शंभर-सव्वाशे अँपिअर ओढतो. मीटरमधला फ्यूज टक् करून उडाला. अप्पा इतके खजील झाले की मलाच वाईट वाटलं. चूक माझी होती, चावी काढून खिशात ठेवायला हवी होती.

२१ मे

त्या मीटरचा फ्यूज शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी गणपती पेठेतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळाला. वीस रुपयांचे दोन घेतले. तारेचा तुकडा घालून भागवू नका. पुढच्या वेळी तीच चूक झाली तर मीटर हातात जळेल.

२२ मे

चावी माझ्या पर्समध्ये, बटण दाबलेलं, बॉनेट उघडं. वीस मिनिटांनी आकडा स्थिर झाला: ०.०८५, म्हणजे ८५ मिलिअँप.

आकडा छोटा वाटतो. पण दिवसाचे चोवीस तास धरले तर रोज २ एएच, आठवड्याला १४. बॅटरी ३५ ची, तीही आता जुनी. दोन आठवड्यांत अठ्ठावीस निघून जातात आणि तिसऱ्या रविवारी किट्-किट्. अप्पांची वही तंतोतंत बरोबर होती.

मग स्टिअरिंगखालच्या पेटीतले फ्यूज एकेक करून उपसले. उपसायचा, मीटर बघायचा, परत बसवायचा. हॉर्न, काही नाही. वायपर, काही नाही. नववा फ्यूज टेप आणि आतल्या दिव्याचा. तो काढला आणि मीटर ०.०२१ वर आला. वीस-पंचवीस मिलिअँप घड्याळ, कॉम्प्युटर वगैरेंना लागतातच. बाकीचे चौसष्ट त्या एका फ्यूजवर जात होते.

२३ मे

माझा पहिला संशय आतल्या दिव्यावर. बल्ब काढला, फरक नाही. मग डिक्कीतला दिवा. त्यात एक संध्याकाळ घालवली आणि शेवटी कळलं की या गाडीला डिक्कीत दिवाच नाही, मी दादाच्या गाडीचं डोक्यात धरून बसले होते. राहिला टेप.

२५ मे

ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला घरी बोलावलं. टेप बाहेर ओढल्याबरोबर त्यांनी बोट दाखवलं. टेपला दोन प्लस असतात. पिवळी वायर कायम चालू, तिच्यावर घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात. लाल वायर चावी फिरवल्यावरच चालू व्हायला हवी. इथे दोन्ही एकत्र पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. हा टेप पुरानंतर बसवलेला, जुना पाण्यात गेला होता म्हणून. ज्याने बसवला त्याने दहा मिनिटं वाचवली. टेप बटणाने बंद दिसायचा, पण आतून कधीच झोपत नव्हता.

म्हणजे पुराच्या दुरुस्तीतच पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ होतं, आणि दोन चांगल्या बॅटऱ्या आम्ही विनाकारण मोडीत घातल्या. अप्पा हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही उघडून तारीख घातली आणि टेपच्या वायरचं चित्र काढलं.

लाल वायर चावीच्या लाईनवर जोडली, सोल्डर करून स्लीव्ह चढवली. मजुरी ३०० रुपये. परत मीटर लावला: २२ मिलिअँप.

त्यांच्याकडे डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर होता. संधी साधून रविवारच्या दहा मिनिटांचीही परीक्षा घेतली. गाडी चालू करून नुसती उभी ठेवली तर सुरुवातीला पंधरा अँपिअर बॅटरीत जात होते, मग उतरत सहावर. दहा मिनिटांचा हिशोब साधारण सव्वा एएच. एसी आणि हेडलाईट लावले तर जेमतेम दोन अँपिअर, म्हणजे दहा मिनिटांत अर्धा एएचसुद्धा नाही. आठवड्याला चौदा जात होते आणि अप्पा अर्धासुद्धा परत करत नव्हते. सेल्फ मारण्यात बॅटरी फार खर्च होते असं मीही समजत होते, पण दोन सेकंदांच्या सेल्फला एक दशांश एएचसुद्धा लागत नाही. खरा खर्च गाडी उभी असतानाचा आहे.

शिवाय थंड इंजिन दहा मिनिटं चालवून बंद केलं की सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. चालवायची तर तासभर चालवा. आम्ही महिन्यातून दोनदा वाडीला जाऊन यायचं ठरवलंय. आईला ते फार आवडलं.

१ जून

आता दादाची गाडी. दादा बहरीनला असतो, त्याची डिझेल सेडान आमच्या अपार्टमेंटखाली दहा महिने उभी आहे. या गाडीकडे मी दहा महिने बघितलंही नाही, हे कबूल करते.

मीटर: ७.८ व्होल्ट. चार्जर लावला तर लाल दिवा. बॅटरी इतकी खाली असली की हे चार्जर तिला ओळखतच नाहीत. अप्पांच्या गाडीची बॅटरी जम्पर केबलने पंधरा मिनिटं समांतर जोडली, प्लसला प्लस, मायनसला मायनस. मग चार्जरने घेतलं.

४ जून

दोन दिवस चार्ज झाल्यावर १२.६. रात्रभरात ११.९. सेल्फ मारला तर मीटर सातवर कोसळला. ही बॅटरी सीलबंद, वर हिरवी खिडकी. खिडकी शेवटपर्यंत हिरवी होती! ती एकाच सेलची हकीगत सांगते, बाकीच्या पाचांची नाही. महिनोन्महिने रिकामी राहिल्याने पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसलेला, तो आता सुटत नाही. जुनी परत देऊन नवीन बॅटरी ६,८०० रुपये. हे पैसे माझ्या दुर्लक्षाचे. दादाला तसंच सांगितलं.

५ जून

नव्या बॅटरीवर करंटची गळती (गाडी बंद असताना जाणारा करंट) मोजली. पहिली वीस मिनिटं अर्धा अँपिअर जातोय असं दिसत होतं, पंचविसाव्या मिनिटाला एकदम ३० मिलिअँपवर आला. नव्या गाड्यांचे कॉम्प्युटर सावकाश झोपतात. धीर सोडून फ्यूज उपसायला लागले असते तर चुकीच्या जागी शोधत बसले असते.

दादा डिसेंबरपर्यंत येत नाही. म्हणून मायनस टर्मिनल काढून ठेवायचं ठरवलं, दहा नंबरचा पाना आणि दोन मिनिटांचं काम. काढलं, केबलला कापड गुंडाळलं, बॉनेट लावलं, दार आतून लॉक करून बंद केलं.

६ जून

काल काय केलं ते आज कळलं. बॅटरी सुटी म्हणजे रिमोट बंद. चावीने दार उघडायला गेले तर कुलूप जाम, वर्षानुवर्षं कुणी त्यात चावी घातलीच नव्हती. बॉनेटचा खटका गाडीच्या आत. किल्लीवाल्याला बोलावलं, ६०० रुपये आणि अर्धा दिवस. मायनस काढण्याआधी दाराच्या कुलपात तेल सोडा आणि चावीने दोन-तीनदा उघडून बघा. शिवाय जोडल्यावर घड्याळ नव्याने लावावं लागतं आणि काचा वर जाताना अडतात, बटण थोडा वेळ दाबून ठेवलं की ठीक होतात.

सुटी बॅटरीही बसल्या बसल्या हळूहळू उतरते, आणि सांगलीच्या उन्हाळ्यात जास्त वेगाने. दर दीड महिन्याला एक रात्र चार्जर लावायचा. कॅलेंडरवर खूण केली.

१३ जून

अप्पांच्या शेडमध्ये चार्जर कायमचा लावून ठेवला होता. भरली की स्वतःच हळू होतो, बॅटरी उकळत नाही. पाच वॅट धरले तरी महिन्याला चार युनिटच्या आत.

आज मीटर बघितला तर १२.४. दिवा मात्र लागलेला! चार तारखेला वादळात दोन तास लाईट गेली होती. परत आल्यावर चार्जर जागाच झाला नाही. या चार्जरवर लाईट आल्यानंतर बटण पुन्हा दाबावं लागतं. नऊ दिवस आम्ही निश्चिंत होतो. दिव्याला भुलू नये, मीटर बघावा. दुकानात जाऊन परत आपोआप चालू होणारा बदलून घेतला, वरचे ५०० रुपये.

१५ जून

अप्पांनी विचारलं, “पूर आल्यावर लाईट बंद करतात. मग तुझा चार्जर काय करणार?”

काही करणार नाही. पाणी चढायला लागलं की त्या भागाची वीज आधी तोडतात, आणि तोडायलाच हवी. ज्या दिवशी गाडी हवी त्याच दिवशी चार्जर मेलेला असणार. पण आता गळती २२ मिलिअँप आहे, दिवसाला अर्धा एएच. वीज नसताना महिनाभर उभी राहिली तरी पंधरा-सोळा एएच जातील, बॅटरी अर्धी उरेल आणि सेल्फ मारेल. टेपची ती वायर तशीच राहिली असती तर दोन आठवड्यांत पुन्हा तीच गत. चार्जर कितीही भारी घेतला तरी त्याच्या आधी गळती मोजा, हे मी आता ज्याला त्याला सांगते.

खात्रीसाठी आजपासून चार्जर काढून ठेवला. परीक्षा.

२० जून

परीक्षा सुरू करण्याआधी सोलरचाही प्रयोग केला होता, थोडक्यात सांगते. १० वॅटचं पॅनेल ९०० रुपयांना आणून काचेच्या आत ठेवलं. शेडच्या सावलीत काहीच मिळेना. पत्र्यावर ठेवून सरळ बॅटरीला जोडलं, तर ऊन पडलं त्या दुपारी १४.९ व्होल्ट, आणि झाकणाशी बुडबुड्यांचा आवाज. भरलेल्या बॅटरीवर हे रोज झालं तर पाणी आटेल. मध्ये जास्तीचे व्होल्ट अडवणारा कंट्रोलर लागतो, ३५० रुपये. तो आणलाय, बसवायचा आहे. पावसाळी ढगात किती देतं ते बघून लिहीन.

६ जुलै

एकवीस दिवस चार्जर नाही, गाडी हललेली नाही. सकाळी १२.३५. सेल्फ पहिल्या झटक्यात. मग आईला घेऊन वाडीला जाऊन आलो, चार्जर परत लावला.

२५ जुलै

तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी. आयर्विनला ४० फुटांवर इशारा आणि ४५ वर धोका, पण गावभागातली माणसं त्या आकड्यांची वाट बघत नाहीत. दुपारी अप्पांचा फोन आला. मी म्हटलं, येते न्यायला. ते म्हणाले, “थांब.” फोन चालूच ठेवला होता. दाराचा आवाज आला, मग सेल्फचा. एकदाच.

मी रिक्षाने पोचले तोवर त्यांनी चार्जर काढून, वायर गुंडाळून गाडीत ठेवला होता. आईची औषधं आणि कागदपत्रांची पिशवी मागच्या सीटवर. अंधार पडायच्या आत विश्रामबागला आलो. अप्पांची गाडी दादाच्या गाडीशेजारी लावली. उद्या सकाळी मीटर लावायचा आहे, आणि दादाच्या बॅटरीची दीड महिन्याची रात्रही उलटून गेलीय. चार्जर आज तिकडे लावला.